वाचक विचारतात: नांदूर मध्यमेश्वरला जायचंय, पण कधी?

मागच्या अंकात नाशिक जिल्ह्यातल्या निफाडच्या थंडीबद्दल लिहिताना जाता जाता दोन ओळी नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यावर लिहिल्या होत्या. तेवढ्यावर एवढे मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. ज्यांनी व्हिसाबद्दल आणि हिमाचलच्या हॉटेलांबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा.

प्रश्न: आम्ही ऑक्टोबरात दसऱ्याच्या सुट्टीत ठाण्याहून गेलो, एवढी गाडी चालवून. समोर नुसतं समुद्रासारखं पाणी आणि लांब कुठेतरी दोन बगळे. मुलं वैतागली, बायको अजून टोमणे मारते. ते हजारो पक्षी म्हणतात ते नक्की असतात कुठे? (एक वाचक, ठाणे)

तुम्ही स्वतःच लिहिलंय की समुद्रासारखं पाणी होतं, तर उत्तर तिथेच आहे बघा. लोकं मला विचारतात पक्षी कधी येतात, आणि मी दर वेळी सांगतो की आधी पाणी किती आहे ते विचारा. इथं येणाऱ्या पक्ष्यांतल्या बऱ्याच जणांना पाणी हवं असतं ते गुडघाभर, घोटाभर, काहींना तर नुसता ओला चिखल. शेकाट्या म्हणजे तो लाल काडीसारख्या पायांचा काळापांढरा पक्षी, तो काय पोहत पोहत खाणार आहे का? चमचा पण तसाच, चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावीउजवीकडे फिरवत चालतो, त्याला तळ जवळ लागतो. पावसाळ्यात वरून गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी सुटतं, गोदावरी फुगते, सायखेडा-चांदोरीत पाणी शिरल्याच्या बातम्या तुम्ही 2016 ला आणि 2019 ला बघितल्या असतील, ते सगळं पाणी इथूनच पुढे जायकवाडीकडे जातं. ऑक्टोबरात इथला गोदावरीवरचा बंधारा तुडुंब असतो. पाहुणे यायला सुरुवात झालेली असते पण ते विखुरलेले असतात, कुणी कडेच्या गवतात, कुणी पाण्याच्या अगदी मधोमध जिथं तुमची नजर पोचत नाही.

मग कालव्यांची आवर्तनं सुटतात, पाणी उतरायला लागतं, मधली बेटं उघडी पडतात, कडेला चिखलाचे पट्टे दिसायला लागतात, आणि मग खरी जत्रा भरते. माझ्या हिशोबाने डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. बदकं बघायची तर जानेवारी, चिखलातले छोटे तुतारी-बितारी पक्षी बघायचे तर फेब्रुवारी संपताना. निघायच्या आदल्या दिवशी तिथल्या गाईडला फोन करायचा आणि एवढंच विचारायचं, "भाऊ, बेटं उघडी आहेत का?" हो म्हणाला की गाडी काढायची. बायकोला सांगा या वेळी जानेवारीत नेतो म्हणून.

प्रश्न: माझी मुलगी सातवीत आहे, शाळेत "रामसर स्थळ" यावर प्रोजेक्ट दिलाय. रामसर हे कुठल्या शास्त्रज्ञाचं नाव आहे का? आणि निफाडसारख्या द्राक्षांच्या भागात दलदल आली कुठून? (एक आई, नाशिक)

ताई, रामसर हे गावाचं नाव आहे, इराणमधलं, कॅस्पियन समुद्राच्या काठावरचं. तिथं 2 फेब्रुवारी 1971 ला देशादेशांनी बसून पाणथळ जागा वाचवायचा करार केला, म्हणून त्या कराराच्या यादीतल्या जागांना रामसर स्थळं म्हणतात आणि 2 फेब्रुवारीला पाणथळ दिवस असतो. आपल्याकडून पहिल्यांदा 1981 मध्ये चिलिका आणि भरतपूर या दोन जागा यादीत गेल्या. महाराष्ट्राचा नंबर लागायला पार 2020 चा जानेवारी उजाडला, आणि ते पहिलं नाव नांदूर मध्यमेश्वरचं. मागून त्याच वर्षी लोणार, मग 2022 ला ठाण्याची खाडी. लेकीला सांगा, शिक्षकांनी "महाराष्ट्रातलं पहिलं" विचारलं तर डोळे झाकून लिही.

दुसरा प्रश्न जास्त भारी आहे. ही दलदल निसर्गाने आयती दिलेली नाहीये, ती चुकून झालेली आहे. गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तिथं इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला, तो कशासाठी तर शेतीला पाणी द्यायला. हा सगळा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, इगतपुरीला धो धो आणि इथं ढग नुसते वरून पास होतात. बंधाऱ्यातून कालवे निघाले, पाणी पार कोपरगावकडे गेलं, उसाचे मळे उभे राहिले. पण नदी पाण्याबरोबर गाळ पण आणते ना! शंभरहून जास्त वर्षं तो गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, तळ वर आला, पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, त्यावर गवत आणि पाणकणीस वाढलं, मग मासे, किडे, गोगलगायी, आणि ते खायला पक्षी. इंजिनिअर लोकांच्या दृष्टीने जो गाळ म्हणजे डोकेदुखी, तोच पक्ष्यांचं ताट झाला. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. रामसरच्या नोंदीत इथल्या प्राणी-वनस्पती मिळून 536 प्रजाती लिहिल्यात, त्यात बिबट्या आहे, चंदन आहे आणि देवळाली मिनो नावाचा एक बोटभर मासा पण आहे जो जगातून संपायच्या बेतात आहे. प्रोजेक्टमध्ये सगळे फ्लेमिंगोचं चित्र चिकटवणार, तुमच्या लेकीला तो मासा काढायला सांगा.

प्रश्न: मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा फ्लेमिंगो नाही. नुसती काळी बदकं, शेकड्याने, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. गाईड त्यांच्याकडे बघायला पण तयार नव्हता. फ्लेमिंगो दिसायची गॅरंटी असलेला महिना सांगा. (वाचक, पिंपरी-चिंचवड)

गॅरंटी हवी असेल तर साहेब तुम्ही ठाण्याच्या खाडीवर जा, खरंच सांगतो. नांदूरला रोहित, म्हणजे तुमचे फ्लेमिंगोच, येतात, कधी येतात कधी नाही, आणि आले तरी पाण्याची पातळी पसंत पडली नाही की दोन दिवसांत गायब. त्यांच्यासाठी इथं येणं म्हणजे आंबा खायला नाशकात येण्यासारखं आहे.

पण ती काळी बदकं! पहिलं म्हणजे ती बदकं नाहीतच, पाणकोंबडीच्या घरातली मंडळी आहेत. त्यांना मराठीत नाव आहे वारकरी. कपाळावरचा तो पांढरा ठिपका म्हणजे गंध लावल्यासारखा, आणि चालतात पण दिंडीसारखे, थव्याने. दुर्बिणीतून त्यांचे पाय बघा, बदकासारखे पडदे नाहीत, प्रत्येक बोटाला पाकळ्या पाकळ्या आहेत. आता यांचा खेळ कधी बघायचा ते सांगतो. सगळे निवांत चरत असतात, आणि एकदम, काही कारण नसताना, विखुरलेला थवा गोळा व्हायला लागतो, अगदी खेटून, काळी चादर पसरल्यासारखा. अशा वेळी वारकऱ्यांकडे बघत बसू नका, वर बघा. दलदलीवरून पंख इंग्रजी व्ही सारखे धरून, हळूहळू, घाई नसल्यासारखा एक तपकिरी शिकारी तरंगत येत असतो, तो भोवत्या. तो खाली आला की वारकरी पाण्यावर पाय आपटत असा फवारा उडवतात की त्याला नेमकं कुणाला धरायचं तेच कळत नाही. मी एकदा चाळीस मिनिटं हा प्रकार बघितलाय, भोवत्या चार वेळा आला आणि चारही वेळा उपाशी गेला. माझ्या शेजारी एक जण सव्वा लाखाची लेन्स घेऊन फ्लेमिंगो कुठे फ्लेमिंगो कुठे करत होता, त्याने एक फोटो काढला नाही. गाईड वारकऱ्यांकडे बघत नसेल तर त्याचं पण बरोबर आहे, गिऱ्हाईकच गुलाबी मागतं तर तो तरी काय करणार.

वारकरी झाले की जांभळी पाणकोंबडी शोधा. कोंबडीएवढी, निळीजांभळी, कपाळ आणि चोच लालभडक, पाय लांब लाल. ती पाणकणसाचा कोवळा दांडा उपटते, एका पायाच्या मुठीत उभा धरते, आणि सोलून सोलून खाते, अगदी आपण बांधावर बसून ऊस खातो तसं. आणि शेजारी पानांवर चालणारा कमळपक्षी असेल, त्याची बोटं एवढी लांब की वजन पसरतं आणि तो बुडत नाही. त्यांच्यात मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते आणि पोरं सांभाळतो बाप. हे ऐकून आमच्या ग्रुपमधल्या वहिनींनी त्या पक्ष्याला हात जोडले होते.

प्रश्न: आई-बाबा दोघं सत्तरीचे आहेत, बाबांना फार चालवत नाही. त्यांना नेण्यासारखं आहे का? दुर्बीण घ्यावी का कॅमेरा? आणि थंडी खरंच एवढी असते? (एक वाचक, पुणे)

नेण्यासारखं आहे, उलट जंगल सफारीपेक्षा हे बरं, इथं पळायचं नसतं, बसायचं असतं. खाणगाव थडी आणि चापडगाव बाजूला निरीक्षणाचे मनोरे आहेत, जिने चढवत नसतील तर काठावर फोल्डिंग खुर्ची टाकायची आणि सूर्य पाठीमागे राहील अशी बसायची. थडी म्हणजे काठ बरं का, गोदावरीला इथले लोक गंगाच म्हणतात, "गंगेला पाणी आलं" असं, म्हणून गंगथडी. बाबा सीनियर आहेत तर त्यांना हे आवडेल.

नाशिकहून तास-दीड तास लागतो, संभाजीनगर रोडने चांदोरीपर्यंत आणि मग सायखेड्याकडे आत. रेल्वेने यायचं तर निफाड स्टेशन दहा-बारा किलोमीटरवर. पण पोचायचं उजाडताना, म्हणजे तुम्ही पुण्याहून पहाटे निघून नऊला पोचणार असाल तर नकोच, आदल्या रात्री नाशकात मुक्काम करा. दहा वाजले की ऊन पाण्यावरून डोळ्यात यायला लागतं, पक्षी पण सुस्तावतात, मग दुपारी काय ते द्राक्षांचे मळे बघा, मिसळ खा, आणि परत चार वाजता या.

थंडीचं म्हणाल तर निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा नोंदवतात आणि डिसेंबर-जानेवारीत पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दर एक-दोन वर्षांनी येतात. अशा रात्री शेतकरी द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. पहाटे मळ्यांमधून तो धूर जमिनीलगत पसरलेला असतो आणि त्यातून गाडी जाते, मला विचाराल तर अर्धी ट्रिप तिथंच वसूल. कानटोपी, मफलर, हातमोजे, थर्मासमध्ये चहा. पुण्याच्या जॅकेटवर जाऊ नका.

दुर्बीण की कॅमेरा? दुर्बीण, दुर्बीण, दुर्बीण. 8 बाय 42 लिहिलेली घ्या, म्हणजे आठ पट मोठं दिसतं आणि पुढची काच 42 मिलिमीटरची. दुकानदार 10 बाय 50 गळ्यात मारेल, ती जड असते, सत्तरीच्या हातात हलते, आणि हललेल्या दुर्बिणीत बदक आणि ढेकूळ सारखंच दिसतं. आईंना चक्रवाक दाखवा, नारिंगी रंगाचं मोठं बदक, जोडीने असतं. संस्कृत काव्यात ते रात्री नदीच्या दोन काठांवर वेगळे होऊन एकमेकांना हाका मारतात तेच हे. प्रत्यक्षात लडाख-तिबेटकडून येतात आणि रात्री एकत्रच असतात, पण हाक मात्र खरंच विरहातली वाटते. हळदीकुंकू बदक पण आईंना आवडेल, चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू, नाव ठेवणाऱ्या माणसाला माझा नमस्कार. बाबांना पट्टकादंब दाखवा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस, तो हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरच्या आसपास उंचीवर उडताना त्याची नोंद आहे. आणि इथं येऊन करतो काय, तर काठावर गवत चरतो, शेळीसारखं!

प्रश्न: मी त्याच भागातला शेतकरी आहे. तुम्ही लोक येता, फोटो काढता, जाता. गाळाने बंधारा भरलाय, जरा पाणी वाढलं की फुगवटा आमच्या वावरात शिरतो. ऊस-सोयाबीन पाण्याखाली जातं. आम्ही म्हणतो गाळ काढा, तर पक्ष्यांचं काय असं विचारतात. आमचं काय? (निफाड तालुका)

भाऊ, या सगळ्या पत्रांत मला उत्तर द्यायला सगळ्यात जड गेलेलं पत्र तुमचं आहे. वर मी मोठ्या कौतुकाने लिहिलं की गाळ म्हणजे पक्ष्यांचं ताट, पण ते ताट तुमच्या वावराच्या खर्चाने वाढलंय हे खरंच आहे आणि ते शहरातला माणूस तिकीट काढताना विसरतो, मी पण विसरतो.

तरी दोन गोष्टी बोलतो, पटल्या तर बघा. सगळा गाळ एकाच जागी आणि एकाच कामाचा नसतो. मधली बेटं आणि उथळ कडा पक्ष्यांच्या, पण पुराचं पाणी जिथून वाहून जातं तो मुख्य प्रवाह मोकळा ठेवायला पक्ष्यांची काहीच हरकत नसावी. त्यामुळे "गाळ काढा" आणि "गाळ काढू नका" या दोन्हीऐवजी "कुठला काढा" हे भांडण ग्रामसभेत आणि पाटबंधारेवाल्यांसमोर व्हायला हवं, आणि त्यात तुमच्यासारख्या माणसाचा शब्द आधी ऐकायला हवा, कारण पाणी कुठून शिरतं हे तुम्हाला पाठ आहे. दुसरं जलपर्णीचं. शहरांचं सांडपाणी नदीत येतं, त्या खतावर जलपर्णी माजते, पाणी झाकून टाकते, तुमच्या मोटारीच्या फूटव्हॉल्व्हला पण तीच अडकते आणि बदकांना पण तीच उतरू देत नाही. तिथं तुमचं आणि पक्ष्यांचं दुखणं एकच आहे, आणि त्याचं मूळ वर आमच्या नाशकात आहे, आमच्या संडास-मोरीत. एवढं कबूल करतो.

आणि जे येतात त्यांना: पार्किंग बांधावर नाही करायचं. हरभऱ्यात क्रौंच उतरले म्हणून हरभऱ्यात घुसायचं नाही. तो हरभरा कुणाचा तरी आहे.

प्रश्न: बिबट्या दिसतो का? साप असतात का? थोडी भीती वाटते. (कॉलेज विद्यार्थिनी, संगमनेर)

बिबट्या आहे, पण तो दलदलीत नाही, उसात आहे, आणि निफाडकरांना तो हवा असतो त्यापेक्षा जास्तच दिसतो. संगमनेरला राहून तू मला हे विचारतेस म्हणजे कमाल आहे! अंधार पडायच्या आत मुख्य रस्त्याला लागायचं, उसाच्या कडेने एकटं चालायचं नाही, एवढं पुरे. सापांत पाण्याजवळ दिसतो तो बहुतेक वेळा विरोळा, बिनविषारी, पण चिडका, चावला तर रक्त काढतो. गवतात घोणस असू शकते म्हणून बूट घालायचे आणि पायवाट सोडायची नाही.

खरी भीती चिखलाची धर. वरून सुकून भेगा पडलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा असतो. मी एकदा थापट्यांच्या मागे गेलो होतो, ते फावड्यासारख्या चोचीचं बदक, दहा-पंधरा जण गोल गोल फिरत एकमेकांनी ढवळलेलं पाणी चोचीतून गाळत होते, भोवऱ्यासारखे, मला अजून जवळून बघायचं होतं. दोन पावलं बरी गेली, तिसऱ्याला मांडीपर्यंत आत. पाय निघाला, चप्पल नाही निघाली. गुराखी पोरगं काठी घेऊन आलं, मला ओढून काढलं आणि म्हणालं, "काका, म्हशी पण तिकडं जात नाहीत."

आता उरलेले पटापट.

ड्रोन उडवता येईल का? नाही. अभयारण्य आहे, आणि एक ड्रोन म्हणजे सगळा थवा हवेत, तुमच्या तीस सेकंदांच्या रीलसाठी त्यांची सकाळची पोटपूजा गेली.

मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावला तर जवळ येतो म्हणतात? येतो, दुसरा नर घरात घुसला असं समजून भांडायला येतो. तुमच्या दारात कुणी रोज तसं केलं तर?

डबा नेता येईल का? न्या, मनोऱ्यावर चिप्सची पाकिटं फोडू नका, त्या आवाजाने जे उडतं ते परत येत नाही. तिकिटासाठी सुट्टे पैसे ठेवा, रेंज कधी कधी दगा देते. कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं.

देऊळ बघण्यासारखं आहे का? आहे. गावाचं नाव ज्यावरून पडलं ते मध्यमेश्वराचं देऊळ, आणि मृगव्याधेश्वराचं, तिथं रामाने सोन्याच्या हरणाला बाण मारला असं सांगतात. दुपारी ऊन असताना तिकडे जा, सकाळ पक्ष्यांना द्या.

आमचा लॅब्रॅडॉर फार शांत आहे, आणला तर चालेल का? तुमचा शांत असेल हो, वारकऱ्यांना कोण सांगणार? घरी ठेवा.